भू-स्थानिक डेटाबेसमधील वापरकर्त्यांचे अधिकार आणि एन्क्रिप्शन : सोलापुरातील छोट्या कार्यालयासाठी मार्गदर्शन

मालमत्ता सर्वेक्षण, जलवाहिन्यांची नोंद, शेताच्या मोजणीचे नकाशे अशी कामे करणारे कार्यालय जेव्हा शेपफाइली (नकाशाच्या सुट्या फाइली) सोडून पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि त्याला नकाशे हाताळायला लावणारी पोस्टजीआयएस ही जोड यांकडे वळते, तेव्हा पहिल्या दिवशी सर्वांना एकच लॉगिन दिले जाते आणि ते बहुधा ‘पोस्टग्रेस’ या सुपरयूजरचेच, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या वापरकर्त्याचेच असते. काम सुरू होते, नकाशे उघडतात, आणि अधिकारांचा विषय मागे पडतो. पुढे क्षेत्रीय कर्मचारी, कंत्राटी डिजिटायझर (नकाशे संगणकावर उतरवणारे), महाविद्यालयाचे प्रशिक्षणार्थी असे सगळेच त्या एका पासवर्डवर आत येऊ लागतात. ही घडी नीट कशी बसवावी, याची रीत येथे दिली आहे.

उदाहरणासाठी ‘सोलापूर_नकाशा’ नावाचा डेटाबेस धरू. सोलापूर जिल्हा यूटीएम या जागतिक नकाशा-प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर या पट्ट्यात येतो, म्हणून सर्व लेयर (नकाशाचे थर) ३२६४३ या संदर्भ क्रमांकात आहेत असे मानू. त्यात तीन प्रकारची सामग्री आहे : शहरातील मालमत्तांचे पॉलिगॉन (बहुभुज आकार) आणि मालकांची नावे व मोबाइल क्रमांक, जलवाहिन्या आणि व्हॉल्व्ह, आणि नान्नजच्या माळरानावर माळढोक दिसल्याच्या नोंदी. तिन्हींची गोपनीयता वेगवेगळ्या जातीची आहे, म्हणून एकच नियम तिन्हींना पुरत नाही.

आधी अधिकार, मग एन्क्रिप्शन

साध्या टेबलातून नाव आणि मोबाइल क्रमांक काढून टाकला की माणूस बऱ्याच अंशी झाकला जातो. भू-स्थानिक टेबलात तसे होत नाही, कारण आकार हीच ओळख असते. नवी पेठेतल्या एका घराचा पॉलिगॉन उपग्रह चित्रावर ठेवला की ते घर कोणते हे कोणालाही बोट ठेवून सांगता येते. माळढोकाच्या घरट्याचा अचूक बिंदू ज्याच्या हाती लागला, तो सरळ तेथे पोहोचू शकतो.

यावर भूमितीचा, म्हणजे आकार साठवणारा कॉलमच एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा) करावा, हा उपाय सुचणे स्वाभाविक आहे, पण तो टाळावा. पोस्टजीआयएसचा जिस्ट इंडेक्स (आकार झटपट शोधून देणारी सूची) प्रत्येक आकाराच्या चौकटीवर, म्हणजे त्याच्या किमान-कमाल सहनिर्देशकांवर उभा असतो. भूमिती एन्क्रिप्ट केली की उरतात निव्वळ बाइट. त्यांना चौकट नाही, म्हणून इंडेक्स नाही, ‘एसटी_इंटरसेक्ट्स’ (दोन आकार एकमेकांना छेदतात का हे पाहणारे फंक्शन) नाही आणि क्यूजीआयएस या नकाशे दाखवणाऱ्या प्रणालीला रंगवण्यासारखे काही नाही. प्रत्येक प्रश्नासाठी सगळ्या ओळी उलगडाव्या लागतात, आणि त्यासाठीची किल्ली प्रत्येक वापरकर्त्याच्या हाती द्यावी लागते. म्हणून भूमितीचे रक्षण अधिकारांनी करावे, वाहतुकीचे, म्हणजे जाळ्यातून जाणाऱ्या माहितीचे, आणि डिस्कचे एन्क्रिप्शनने, आणि एन्क्रिप्टेड कॉलम फक्त वैयक्तिक तपशिलांसाठी राखून ठेवावेत.

रोलची रचना

पोस्टग्रेसमध्ये ८.१ या आवृत्तीपासून वापरकर्ता आणि गट दोन्ही ‘रोल’च आहेत. लॉगिन नसलेले तीन गट-रोल आधी तयार करावेत : ‘नकाशा_मालक’, ‘नकाशा_संपादक’ आणि ‘नकाशा_वाचक’. सर्व टेबलांची मालकी पहिल्याकडे ठेवावी. त्यानंतर प्रत्येक व्यक्तीला स्वतःचे लॉगिन द्यावे आणि तिला योग्य त्या गटाचे सदस्य करावे. अधिकार मात्र नेहमी गटाला द्यावेत, व्यक्तीला कधीही नाही. एका लॉगिनवर दोन माणसे बसवू नयेत, कारण मग एखादा पॉलिगॉन कोणी हलवला याचा माग कोणत्याही लॉगमधून काढता येत नाही.

सुपरयूजर लागतो तो स्थापनेसाठी, आवृत्ती बदलण्यासाठी आणि ‘क्रिएट एक्स्टेन्शन पोस्टजीआयएस’ या आज्ञेसाठी, कारण पोस्टजीआयएस हे विश्वसनीय ठरवलेल्या, म्हणजे सुपरयूजरशिवायही बसवता येणाऱ्या एक्स्टेन्शनांपैकी (जोडांपैकी) नाही. एवढे झाल्यावर त्या लॉगिनने क्यूजीआयएसमधून एकही जोडणी उरू देऊ नये.

आता दारे बंद करावयाची. नव्या डेटाबेसला जोडण्याचा आणि तात्पुरती टेबले करण्याचा अधिकार मुळातच ‘पब्लिक’ला, म्हणजे सर्व्हरवरील प्रत्येक रोलला असतो. तो ‘रिव्होक ऑल ऑन डेटाबेस सोलापूर_नकाशा फ्रॉम पब्लिक’ या आज्ञेने काढावा आणि तिन्ही गटांना ‘ग्रँट कनेक्ट’ करावे. पुढचे दार ‘पब्लिक’ स्कीमाचे; स्कीमा म्हणजे टेबले ठेवण्याचा डेटाबेसमधील कप्पा. २०२२ मधील १५ व्या आवृत्तीपासून डेटाबेसचा मालक आणि सुपरयूजर यांच्याखेरीज कोणालाही तेथे मुळातच टेबल तयार करता येत नाही. परंतु जुन्या आवृत्तीतून उचलून आणलेल्या डेटाबेसमध्ये जुनेच अधिकार कायम राहतात, म्हणून आवृत्तीच्या आकड्यावर विसंबून न राहता ‘रिव्होक क्रिएट ऑन स्कीमा पब्लिक फ्रॉम पब्लिक’ ही आज्ञा स्वतः द्यावी. त्याच स्कीमावरील ‘यूसेज’ (वापरण्याचा अधिकार) मात्र काढू नये. पोस्टजीआयएस तेथे बसवलेले असेल, तर भूमितीचा प्रकार, सगळी फंक्शने, ‘स्पेशियल_रेफ_सिस’ हे संदर्भ क्रमांकांचे टेबल आणि ‘जॉमेट्री_कॉलम्स’ व्ह्यू (टेबलासारखा वाचता येणारा, साठवून ठेवलेला प्रश्न) तेथेच असतात. ‘यूसेज’ गेला की लेयर उघडत नाहीत, आणि येणारी चूक ‘भूमितीचा प्रकार अस्तित्वात नाही’ अशा अर्थाची असल्यामुळे माणूस भलत्याच ठिकाणी दोष शोधत बसतो. ‘स्पेशियल_रेफ_सिस’ सर्वांना वाचता यावे, पण लिहिण्याचा अधिकार संपादकांनाही देऊ नये. त्यातील एक ओळ बदलली तर त्या क्रमांकाची सगळी रूपांतरे चुकू लागतात.

स्वतःची सामग्री ‘मालमत्ता’, ‘पाणी’ आणि ‘वन्यजीव’ अशा वेगळ्या स्कीमांमध्ये ठेवावी. प्रत्येक ठिकाणी दोन पायऱ्या असतात : स्कीमावर ‘यूसेज’ आणि टेबलावर ‘सिलेक्ट’. यापैकी एक राहिली तरी प्रवेश नाही. संपादकांना ‘इन्सर्ट’, ‘अपडेट’ आणि ‘डिलीट’ द्यावे. ‘ट्रंकेट’ (सगळे टेबल रिकामे करणे) देण्याचे काहीच कारण नाही.

संपादकाला नकाशा दिसतो, आकार काढता येतो, पण साठवताना नकार मिळतो, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक कार्यालयात येते. ‘एसएचपी२पीजीएसक्यूएल’ या साधनाने शेपफाइल आत आणली की ‘जीआयडी’ हा कॉलम ‘सिरियल’ प्रकारचा होतो आणि त्याचा पुढचा क्रमांक एका वेगळ्या सीक्वेन्समधून (क्रमांक देणाऱ्या गणकातून) येतो. टेबलावर अधिकार असूनही सीक्वेन्सवर ‘यूसेज’ नसेल तर नवी ओळ जात नाही. म्हणून ‘ग्रँट यूसेज ऑन ऑल सीक्वेन्सेस इन स्कीमा मालमत्ता टू नकाशा_संपादक’ ही आज्ञा द्यावी, किंवा नवी टेबले करताना ‘आयडेंटिटी’ कॉलम वापरावा. त्याला असा वेगळा अधिकार लागत नाही.

हे सारे आजच्या टेबलांपुरते झाले. उद्या येणाऱ्या टेबलांसाठी ‘अल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस फॉर रोल नकाशा_मालक’ ही आज्ञा आहे, पण ती फक्त त्या रोलने तयार केलेल्या वस्तूंना लागू होते. एखाद्या डिजिटायझरने स्वतःच्या लॉगिनने लेयर चढवला तर तो त्याच्याच मालकीचा राहतो आणि इतरांना दिसत नाही. यावर सरळ मार्ग असा की लेयर चढवण्यासाठी ‘नकाशा_आयात’ हे वेगळे लॉगिन ठेवावे, त्याला ‘नकाशा_मालक’चे सदस्य करावे आणि ‘अल्टर रोल नकाशा_आयात सेट रोल टू नकाशा_मालक’ असे एकदा लिहून ठेवावे. मग त्या लॉगिनची प्रत्येक जोडणी आपोआप मालक-रोलमध्ये उघडते. क्यूजीआयएसच्या शैली डेटाबेसमध्ये साठवणार असाल तर ‘लेयर_स्टाइल्स’ हे टेबलही प्रशासकानेच एकदा तयार करून संपादकांना त्यावर अधिकार द्यावेत.

कोणाला कोणती ओळ दिसावी

जुळे सोलापूरचे काम करणाऱ्याला होटगी रोडच्या मालमत्ता बदलता येऊ नयेत, अशी गरज लवकरच उभी राहते. ९.५ पासून पोस्टग्रेसमध्ये ओळ-पातळीवरील सुरक्षा (रो लेव्हल सिक्युरिटी, आरएलएस) आहे. ‘अल्टर टेबल मालमत्ता.घरे एनेबल रो लेव्हल सिक्युरिटी’ असे लिहून ती सुरू करावी आणि मग धोरण लिहावे : ‘झोन_क्र’ हा ‘कर्मचारी_झोन’ या टेबलात ‘करंट_यूजर’समोर (सध्या जोडलेल्या वापरकर्त्यासमोर) नोंदलेल्या झोनांपैकी असेल, तरच ती ओळ दिसावी व बदलता यावी. त्या छोट्या टेबलावर संपादकांना ‘सिलेक्ट’ लागतो, लिहिण्याचा अधिकार मुळीच देऊ नये. टेबलाचा मालक, सुपरयूजर आणि ‘बायपास आरएलएस’ असलेले रोल या धोरणातून सुटतात. मालकालाही ते लावायचे तर ‘फोर्स रो लेव्हल सिक्युरिटी’ द्यावे लागते. चाचणी नेहमी साध्या संपादकाच्या लॉगिनने घ्यावी, कारण प्रशासकाच्या लॉगिनने धोरण चुकीचे असले तरी सगळे बरोबरच दिसते.

येथे भू-स्थानिक कामाचा खास प्रश्न येतो. ‘झोन_क्र’ संपादकाने हाताने भरला, तर तो दुसऱ्या झोनमध्ये पॉलिगॉन काढून त्यावर आपला क्रमांक टाकू शकतो आणि धोरण त्याला अडवत नाही. म्हणून झोन क्रमांक भूमितीवरून ठरवणारा ट्रिगर (ओळ साठवताना आपोआप चालणारी आज्ञा) ‘बिफोर इन्सर्ट ऑर अपडेट’ असा लावावा. धोरणाची तपासणी अशा ट्रिगरनंतर होते, त्यामुळे ट्रिगरने टाकलेला खरा क्रमांकच तपासला जातो. ट्रिगरमध्ये ‘एसटी_सेंट्रॉइड’ऐवजी ‘एसटी_पॉइंटऑनसरफेस’ वापरावे. एल आकाराच्या वाड्याचा मध्यबिंदू वाड्याबाहेर, क्वचित रस्त्यापलीकडच्या झोनमध्येही पडू शकतो, तर दुसरे फंक्शन आकाराच्या आतलाच बिंदू देते. हे फंक्शन आणि झोनच्या सीमांचे टेबल दोन्ही मालक-रोलकडे असावेत. फंक्शन ‘सिक्युरिटी डिफायनर’ (मालकाच्या अधिकाराने चालणारे) केले तर त्यात ‘सर्च_पाथ’ (नावे कोणत्या स्कीमांत शोधायची तो क्रम) पक्का बांधून ठेवावा, नाहीतर दुसऱ्या स्कीमातील त्याच नावाची वस्तू मालकाच्या अधिकाराने चालण्याची वाट मोकळी राहते.

धोरणातच ‘एसटी_इंटरसेक्ट्स’ लिहावे असे वाटेल, पण मी तसे सुचवणार नाही. ओळ-पातळीची सुरक्षा सुरू असली की जी अट ‘लीकप्रूफ’, म्हणजे माहिती गळू न देणारी, म्हणून नोंदलेली नाही ती धोरणाच्या आधी तपासली जात नाही, आणि पोस्टजीआयएसची चौकट तपासणारी क्रिया तशी नोंदलेली नाही. परिणाम असा की क्यूजीआयएस नकाशाच्या चौकटीपुरत्या ओळी मागते, तेव्हा जिस्ट इंडेक्स बाजूला पडतो आणि मोठ्या टेबलावर नकाशा सरकवताना प्रत्येक वेळी खोळंबा होतो. ही फंक्शने सुपरयूजरने जबरदस्तीने ‘लीकप्रूफ’ ठरवावीत असा सल्ला कोठे कोठे मिळतो. तो मानू नये, कारण त्यांच्या चुकांच्या संदेशांतून लपवलेली मूल्ये बाहेर पडणार नाहीत याची हमी कोणी दिलेली नसते. त्यापेक्षा धोरण साध्या पूर्णांक कॉलमवर ठेवावे आणि ‘झोन_क्र’वर साधा इंडेक्स करावा, म्हणजे ओळी आधीच कमी होतात. झोन थोडे आणि कर्मचारी ठरलेले असतील तर टेबलाचे झोननिहाय पार्टिशन (तुकडे) करून प्रत्येक पार्टिशनवर वेगळा अधिकार देणे मला अधिक चांगले वाटते : धोरणाची गरज राहत नाही आणि जिस्ट इंडेक्स पूर्ण वेगाने चालतो.

माळढोकाच्या नोंदींसाठी ओळ लपवणे पुरेसे नाही, स्थानाची अचूकताच कमी करावी लागते. अभ्यासकांना आणि विद्यार्थ्यांना प्रसार कळायला हवा, बिंदू नको. त्यासाठी मूळ टेबलावरचे सर्वांचे अधिकार काढून एक व्ह्यू करावा, ज्यात भूमितीच्या जागी ‘एसटी_स्नॅपटूग्रिड(भूमिती, ५०००)’ असेल. ३२६४३ मध्ये एकक मीटर असल्याने प्रत्येक नोंद ५ किलोमीटरच्या जाळीच्या गाठीवर जाऊन बसते. साधा व्ह्यू मालकाच्या अधिकाराने चालतो, म्हणून वाचकाला मूळ टेबलावर काही न देता केवळ व्ह्यूवर ‘सिलेक्ट’ देता येतो. १५ व्या आवृत्तीतील ‘सिक्युरिटी_इन्व्होकर’ हा पर्याय येथे सुरू करू नये. प्रत्येक वेळी बिंदू यादृच्छिक सरकवण्याची पद्धत मात्र घातक आहे. तोच व्ह्यू पुन्हा पुन्हा वाचून आलेल्या बिंदूंची सरासरी काढली की मूळ जागा हाती येते. वेळ, निरीक्षकाचे नाव आणि ‘शेततळ्याच्या पश्चिमेला’ अशा टिपा व्ह्यूमधून वगळाव्यात. जाळी कितीही मोठी असली तरी अशी एक टीप सारे उघड करते.

वाहतुकीचे एन्क्रिप्शन

अक्कलकोट रोडवरचा कर्मचारी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून जोडला जातो, तेव्हा पासवर्ड आणि नकाशा दोन्ही परक्या जाळ्यातून जातात. सर्व्हरवर ‘एसएसएल = ऑन’ करून जोडणी एन्क्रिप्ट करण्याची सोय चालू करावी, प्रमाणपत्र आणि खाजगी किल्ली बसवावी, आणि किल्लीच्या फाइलला ०६०० परवानगी ठेवावी; ती याहून सैल असली तर पोस्टग्रेस सुरूच होत नाही, अपवाद फक्त रूटच्या मालकीच्या फाइलला ०६४० चालते हा.

एसएसएल सुरू केले म्हणजे ते सक्तीचे झाले असे नव्हे. सक्ती ‘पीजी_एचबीए.कॉन्फ’ या, कोणी कोठून कसे जोडावे हे ठरवणाऱ्या फाइलमध्ये होते. त्यातील ‘होस्ट’ने सुरू होणारी ओळ एन्क्रिप्टेड आणि उघडी, दोन्ही जोडण्या स्वीकारते; ‘होस्टएसएसएल’ फक्त पहिली. ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि जुळलेली पहिली ओळच लागू होते, म्हणून खाली कितीही कडक ओळ लिहिली तरी वर जुनी सैल ओळ उरली असेल तर उपयोग नाही. ‘ट्रस्ट’ (पासवर्ड न विचारता प्रवेश) हा शब्द फाइलमध्ये कोठेही आढळला तर ती ओळ आजच काढावी. पोर्ट ५४३२ सगळ्या इंटरनेटला उघडा ठेवू नये. व्हीपीएनमधून (कार्यालयाच्या खाजगी सुरक्षित जोडणीतून) येणाऱ्या पत्त्यांपुरताच ठेवावा.

पासवर्ड साठवण्यासाठी व तपासण्यासाठी ‘स्क्रॅम-शा-२५६’ ही पद्धत वापरावी. १४ व्या आवृत्तीपासून तीच गृहीत असते, पण जुन्या एमडी५ पद्धतीचे पासवर्ड बदलेपर्यंत तसेच राहतात. म्हणून क्रम पाळावा : आधी ‘पासवर्ड_एन्क्रिप्शन’ बदलावे, मग प्रत्येकाने पासवर्ड नव्याने ठेवावा, आणि शेवटी ‘पीजी_एचबीए.कॉन्फ’मध्ये पद्धत बदलावी; उलट केले तर सगळे कार्यालय बाहेर अडकते. पासवर्ड बदलताना ‘पीएसक्यूएल’ या आज्ञा देण्याच्या साधनातील ‘\पासवर्ड’ ही आज्ञा वापरावी, कारण ‘अल्टर रोल’मध्ये लिहिलेला पासवर्ड सर्व्हरच्या लॉगमध्ये उघडा उतरू शकतो.

क्यूजीआयएसच्या बाजूने ‘एसएसएल मोड’ हा ‘व्हेरिफाय-फुल’ असावा. ‘रिक्वायर’ने माहिती एन्क्रिप्ट होते, परंतु पलीकडे आपलाच सर्व्हर आहे याची खात्री होत नाही. शेवटी प्रशासकाने ‘पीजी_स्टॅट_एसएसएल’ हा व्ह्यू पाहून कोणाची जोडणी अजून उघडी आहे ते तपासावे.

पासवर्ड फुटण्याची सर्वांत सोपी जागा मात्र सर्व्हरवर नसते. कार्यालयातील कोणतीही ‘.क्यूजीझेड’ फाइल घ्यावी, तिची प्रत करून शेवट ‘.झिप’ करावा आणि उघडावी. आत ‘.क्यूजीएस’ फाइल दिसते. ती नोटपॅडमध्ये उघडून ‘पासवर्ड’ हा शब्द शोधावा. जोडणी करताना साध्या चौकटीत पासवर्ड साठवला असेल तर तो सर्व्हरच्या पत्त्यासह जसाच्या तसा वाचता येतो, आणि हीच फाइल व्हॉट्सअॅपवरून फिरत असते. क्यूजीआयएसमध्ये मास्टर पासवर्डने संरक्षित ऑथेंटिकेशनची सोय आहे. ती वापरली की प्रकल्पाच्या फाइलमध्ये केवळ एक ओळख-संकेत राहतो. सर्व जुने प्रकल्प याप्रमाणे तपासून घ्यावेत, आणि ज्यांत पासवर्ड सापडेल ते लॉगिन नव्या पासवर्डवर आणावे.

डिस्क, वैयक्तिक कॉलम आणि बॅकअप

पोस्टग्रेसच्या मूळ वितरणात संपूर्ण डेटाबेस डिस्कवर एन्क्रिप्ट करण्याची सोय नाही, म्हणून लिनक्सवर ‘लक्स’ किंवा विंडोजवर ‘बिटलॉकर’ वापरावे. सर्व्हर चोरीला गेला किंवा जुनी डिस्क भंगारात गेली तर याचा उपयोग आहे. योग्य पासवर्डने आत आलेल्या वापरकर्त्यापुढे याचा काहीही उपयोग नाही.

मालकाचे नाव आणि मोबाइल क्रमांक ‘मालमत्ता.घरे’मध्ये ठेवूच नयेत. ते ‘मालक_तपशील’ या वेगळ्या टेबलात मालमत्ता क्रमांकाने जोडावेत आणि त्यावरचा अधिकार एक-दोन जबाबदार व्यक्तींनाच द्यावा. डिजिटायझरला घराचा आकार लागतो, घरमालकाचा फोन लागत नाही. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा पाहता ही विभागणी प्रत्येक कार्यालयाने करावी असे मला मनापासून वाटते. त्यावर आणखी थर हवा असेल तर ‘पीजीक्रिप्टो’ या एक्स्टेन्शनमधील ‘पीजीपी_सिम_एन्क्रिप्ट’ हे फंक्शन आहे, पण त्यात किल्ली प्रश्नासोबत सर्व्हरकडे जाते आणि लॉगमध्ये उतरू शकते. शक्य असेल तेथे माहिती पाठवण्यापूर्वी अनुप्रयोगातच एन्क्रिप्ट करावी आणि किल्ली डेटाबेसच्या यंत्रावर ठेवू नये.

‘पीजी_डंप’ची, म्हणजे डेटाबेसच्या बॅकअपची फाइल हा वरील सर्व अधिकारांना वळसा घालणारा रस्ता आहे : ती ज्याच्या पेनड्राइव्हवर गेली, त्याच्याकडे नान्नजचे अचूक बिंदूही गेले. ती तयार होताच ‘जीपीजी’ या साधनाने एन्क्रिप्ट करावी आणि खाजगी किल्ली दुसऱ्या जागी ठेवावी. ओळ-पातळीची सुरक्षा लागू असलेल्या साध्या रोलने डंप घेतला तर तो चुकीने थांबतो, म्हणून बॅकअपसाठी ‘बायपास आरएलएस’ असलेले स्वतंत्र लॉगिन लागते. ‘पीजी_डंप’मध्ये रोल आणि त्यांची सदस्यत्वे येत नाहीत, त्यांसाठी ‘पीजी_डंपऑल’ हे ‘--ग्लोबल्स-ओन्ली’ पर्यायासह वेगळे चालवावे. मग दुसऱ्या यंत्रावर सर्व पुन्हा उभे करून वाचकाच्या लॉगिनने पाहावे, कारण रोल नसताना परत आणलेल्या डेटाबेसमध्ये सगळ्या ‘ग्रँट’ आज्ञा चुका दाखवत गळून पडलेल्या असतात.

कर्मचारी सोडून जाताना

कंत्राटी व्यक्तीचे लॉगिन करतानाच ‘व्हॅलिड अंटिल’ने मुदत घालावी. ही मुदत पासवर्डची असते. आधीच उघडी असलेली जोडणी तिने तुटत नाही. म्हणून सोडून जाण्याच्या दिवशी प्रथम ‘अल्टर रोल … नोलॉगिन’ द्यावे, नंतर ‘पीजी_स्टॅट_अॅक्टिव्हिटी’मध्ये त्या नावाच्या जोडण्या पाहून ‘पीजी_टर्मिनेट_बॅकएंड’ने त्या बंद कराव्यात. त्या व्यक्तीने चढवलेली टेबले ‘रिअसाइन ओन्ड बाय … टू नकाशा_मालक’ने मालक-रोलकडे वळवावीत, उरलेले अधिकार ‘ड्रॉप ओन्ड बाय’ने काढावेत, आणि सर्व्हरवरील प्रत्येक डेटाबेसमध्ये या दोन्ही आज्ञा चालवल्यानंतरच ‘ड्रॉप रोल’ करावे. क्रम चुकवून ‘ड्रॉप ओन्ड’ आधी दिले, तर त्या व्यक्तीच्या नावावर असलेले लेयर त्याच क्षणी नाहीसे होतात.